आठ ठोक्यांचं गाणं

—अगं नाही नाही, घाबरू नकोस, सैल होईल ड्रेस, आत कापड आहे. दोन्ही बाजूंना भरपूर आहे. चेन लागत नाही म्हणून एवढं तोंड पाडायचं होय? दोन महिने हॉटेलातलं खाल्लंस, गाडीत बसून हिंडलीस, अंगाला लागणारच की! ये, या स्टुलावर उभी राहा. हात वर — एवढे वर नाही गं, पोलीस आलेत का पकडायला? हं, अशी. आता हलू नकोस, टाचण्या लावतेय, टोचलं तर मला बोल लावायचा नाही. आणि जरा वाकून ऐक, माझा आवाज आता असाच आहे, घोगरा. सर्दी नाही ती, तुला काही लागायचं नाही माझं. धाकट्याने सांगितलं नाही का? धाकटा म्हणजे माझा भाऊ गं, तुमच्या 'लखलख' बँडचा तो सूत्रधार का काय म्हणतात तो, पेपरात फोटो येतो तेव्हा मधोमध उभा असतो बघ काळा गॉगल लावून. जगाला तो कोणी का असेना, मला धाकटाच. सकाळी फोन केला, ताई, तिचा सोनेरी ड्रेस होत नाहीये, उद्याचा कार्यक्रम सगळ्यात मोठा आहे, तोच ड्रेस हवा, लकी आहे तो, तूच बघ. मी म्हटलं पाठव तिला. दुसरं काय म्हणणार?

वळ जरा. अशी नाही, खिडकीकडे. — हो, इथेच सुरू झालं सगळं, या डोक्यावरच्या खोलीत. तुला नाही दाखवलं कधी? काय दाखवतील म्हणा, आता तिथे माझे पडद्यांचे गठ्ठे आहेत. तेव्हा धाकटा विजेचे मीटर तपासत फिरायचा आठवडाभर, आणि रविवारी सकाळी जेवायच्याही आधी तो चष्मा यायचा, त्याचा जोडीदार, तुमचा बटणंवाला, दोन्ही काखेत जुन्या तबकड्या — डिस्कोच्या. आमच्या तरुणपणच्या. मला वाटलं वा, बरं झालं, गाणी ऐकायला मिळतील! कसली गाणी न् कसलं काय. व्हायोलिनं सुरू होतात, बाई आता गाणार, आता गाणार — की हे थांबवणार. तेवढाच तुकडा घेणार, आणि तोच परत, तोच परत, तोच परत, खाली ढप ढप ढप ढप, चारही ठोके सारखे, ना कमी ना जास्त. मी जिन्यातून ओरडायचे, अरे पुढे तर जाऊ द्या तिला, काय घोडं मारलंय तिने तुमचं! चष्मा वरून सांगायचा, ताई, याला हाऊस म्युझिक म्हणतात, हे असंच असतं. म्हटलं असेल बाबा, पण हे हाऊस माझं आहे, आणि छताचे पोपडे गिऱ्हाइकाच्या पांढऱ्या शर्टावर पडतायत.

पण खोटं कशाला बोलू, पायाला सवय झाली त्याची. हे पायडल आहे ना, ते आपोआप त्यांच्या ठेक्यावर पडायला लागलं. कॉलरी शिवायचे मी त्या ढपढपीवर, सरळ शिवण यायची अगदी. एखाद्या रविवारी ते आले नाहीत की माझं काम रेंगाळायचं. आणि पहिला कार्यक्रम केला ना त्यांनी, शाळेच्या हॉलमध्ये, दुपारी चार वाजता, सोळा माणसं होती. सोळा! त्यातली दोन खुर्च्या परत न्यायला आलेली. मी पुढच्या रांगेत. धाकटा एवढा घाबरला होता की चष्म्याने त्याला कुठल्याच बटणाला हात लावू दिला नाही. घरी आल्यावर जेवलाच नाही, भिंतीकडे तोंड करून बसला. मी काय समजावणार? मला तरी कुठे कळत होतं ते चांगलं होतं की वाईट. म्हटलं, टाळ्या वाजवल्या की रे लोकांनी. म्हणाला, ताई, तूच वाजवल्यास.

मग वर्षभराने ते गाणं आलं, आणि सगळं उलटंपालटंच झालं. 'अजून थोडं'. तुला काय सांगायचं म्हणा, तू रोज स्टेजवर — हो, तुलाच माहीत. रेडिओवाल्याने एकदा लावलं, लोकांनी फोन करकरून परत लावायला लावलं, आणि मग काय, बसमध्ये तेच, चपलांच्या दुकानात तेच, न्हाव्याकडे तेच. समोरच्या दवाखान्यातली नर्स सुई टोचताना गुणगुणायची. मीटर तपासायला जायचा त्या घरांतून धाकट्याला ते ऐकू यायचं, आणि त्याला सांगता यायचं नाही की हे माझं आहे, कोणी विश्वासच ठेवला नसता. सहा महिन्यांत नोकरी सोडली त्याने. मी एक दिवस भाजी आणायला — बरं ते जाऊ दे.

काय करतेयस? ओठ काय हलवतेस आरशात बघून? — सराव होय. आता? टाचण्या लागलेल्या असताना? — मोठा पडदा! म्हणजे तोंड एवढं मोठं दिसणार, भिंतीएवढं? अगं बाई. आणि चष्मा ओरडला तुला, ओठ जुळत नाहीत म्हणून? त्याला ओरडायला काय जातंय, त्याला थोडंच उभं राहायचंय तिथे. कर, कर सराव, मी खालची कड बघते. तुझं तुझं चालू दे.

उशीर करतेस. — काही नाही. कर तू. — अगं उशीर होतोय तुला, सुरुवातीलाच होतोय, म्हणून पुढचं सगळं हुकतं. 'अजून'पाशी तोंड उघडतेस तू. त्याच्या आधी उघडायला हवं. आधी एक श्वास आहे ना तिथे. ऐकलाच नाहीस? लोकांना नाही ऐकू येणार, त्यांना ठोकेच ऐकू येतात, पण तू तरी ऐक, बारीक आहे, असा चटकन घेतलेला. ओठ आधी मिटलेले, मग सुटतात, मग श्वास, मग 'अजून'. का म्हणजे? दोऱ्याचं टोक तोंडात होतं. दोरा ओला करतो ना आपण सुईत ओवायला, तो तोंडातून काढला, म्हणून ओठ मिटलेले होते आणि — हात खाली कर आता. कर खाली. दुखत असतील.

मला कसं माहीत म्हणजे? शिवणाऱ्या बाईला कळतात अशा गोष्टी. — नाही कळत? बरं नाही कळत. तूच सांग, तुला काय सांगितलंय त्यांनी, कोणाचा आवाज आहे म्हणून? — जुन्या तबकडीवरची बाई. हं. कुठली तबकडी? — ते विचारलंच नाहीस. आणि ती बाई कुठे असते आता?

वारली?

असं म्हणाला? कोण म्हणाला, चष्मा की धाकटा? — नाही, सांग ना, मी कशाला कोणाला बोलू. चष्मा म्हणाला असेल, त्याला पटकन काहीतरी सांगून मोकळं व्हायची सवय आहे. — धाकटा. बरं. मुलाखतीत पण? ती छापील मुलाखत, रंगीत पानावरची, ती मी जपून ठेवलीये गं, पण वाचली नव्हती, अक्षर फार बारीक असतं त्याचं. वारली म्हणाला. बरं.

नाही, काही नाही झालं. माझ्याच बोटात गेली टाचणी, तुझ्या ड्रेसला नाही लागलं रक्त. उभी राहा नीट. आणि असं बघू नकोस माझ्याकडे. रडू तर मुळीच नकोस, डोळ्यांतलं काळं खाली येईल आणि टिकल्यांवर पडेल, ते निघत नाही धुऊन.

हो. मीच. झालं समाधान? कोणाला सांगायचं नाही पण, शपथ घे — राहू दे, शपथ नको, नुसतं सांगू नकोस. मी काही फार मोठी गायिका-बियिका नव्हते. वडील होते तोवर मी एका हॉटेलातल्या ऑर्केस्ट्रात गायचे, शनिवार-रविवार, दुपारच्या जेवणाला, लोक सूप पिताना. डिस्कोच सगळं, तेव्हा तेच चालायचं, चमचमणारा गोळा पण होता वर टांगलेला, दिवसाउजेडी दिसायचा नाही त्याचा उजेड, पण फिरायचा बिचारा. मग वडील गेले, आई अंथरुणाला, धाकटा सहा वर्षांचा. मशीन घेतलं. गाणं सुटलं असं नाही, शिवताना चालूच असायचं, पण ते काय, तोंडातल्या तोंडात. आणि एक माझं स्वतःचं होतं. मीच केलेलं. शब्दही माझे, चालही माझी. ऑर्केस्ट्रात म्हणणार होते, राहूनच गेलं. कोणासाठी केलं होतं ते विचारू नकोस, त्या माणसाला आता चार नातवंडं आहेत.

तर झालं काय, चष्म्याला हवा होता मशीनचा आवाज. माझा नव्हे! मशीनचा — खटखट खटखट, ठेक्यात घालायला. म्हणून त्या दोघांनी या टेबलाखाली, पायडलपाशी, माईक चिकटवला आणि कॅसेट लावून वर निघून गेले. मला म्हणाले, ताई, तू रोजच्यासारखं शीव. मी विसरून गेले माईक. पडद्यांचं मोठं काम होतं, लांबच लांब शिवणी, अशा वेळी गाणं आपोआप येतं. ते माझंच गाणं म्हटलं मी त्या दिवशी. पहिल्यापासून शेवटपर्यंत, सगळी कडवी, कोणी नाही म्हणून मोकळा आवाज सोडून. असं आयुष्यात एकदाच म्हटलं असेन मी. मधे एकदा दोरा तुटला, तो ओवला, आणि परत पहिल्या ओळीवर आले, 'अजून थोडं'. तोच तो तुकडा. तोच श्वास. त्याच्या खाली ऐकशील तर मशीन सुरू होताना ऐकू येतं. धाकटा धाडधाड जिन्यावरून खाली आला, म्हणाला, ताई, हे काय आहे? मी लाजून मेले. म्हटलं, पुसून टाका रे ते. म्हणाला, वेडी आहेस का!

त्यांच्या त्या डब्यात — काय नाव त्याचं, ज्यात आवाज भरतात — त्यात जागाच नव्हती तेव्हा. साधा होता, जुना घेतलेला. चार सेकंद मावायचे. आठ ठोके. म्हणून आठ ठोके घेतले त्यांनी माझे. 'अजून थोडं', तेवढंच परत परत, बास. पुढे होतं 'थांबशील का'. ते कापलं. मी कोणालातरी थांब म्हणत होते गं, आणि लोक नाचायला लागले! पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसूच आलं मला. मग अंगावर काटा आला. इतका चांगला लागलाय तो आवाज, आपलाच आहे असं वाटतच नाही. भाजीवाल्याकडे उभी होते मी, तेच सांगत होते मघाशी, त्याच्या रेडिओवर लागलं, आणि तो मला म्हणतो कसा, बाई, काय गळा आहे हो हिचा. मी म्हटलं हो ना, आणि पालेभाजी तिथेच विसरून घरी आले.

मग मोठे कार्यक्रम यायला लागले. लोकांना नुसती बटणं दाबणारे दोघे किती वेळ बघायचे? गाणारी बाई कुठेय म्हणून विचारायला लागले. आणि मी आपली — नाही, मी नाहीच म्हटलं असतं. हे वय का स्टेजवर उभं राहायचं? मी साफ नाही म्हणाले असते.

काय दिसलं तुला? कुठे? — ती जुनी शिवणीची भोकं आहेत. चालायचंच, उसवलं की दिसतात. सोनेरी कापडाचा तोच एक त्रास, एकदा सुई गेली की भोक राहतंच. — एवढ्या बाहेर का म्हणजे? जादा सोडते मी नेहमी. — एवढं नाही सोडत कोणी? तुला काय कळतं गं शिवणातलं! — हो, बरोबर आहे, चार चार बोटं आहेत दोन्ही बाजूंना. — छातीतही आहेत. — तुझ्या मापाचा नव्हताच तो. आता कळलं? मोठ्या बाईचा होता. रुंद बाईचा. मी महिनाभर शिवत होते, टिकल्या हाताने लावल्यात एकेक, दुपारी गिऱ्हाईक नसताना. धाकटा विचारायला येईल तेव्हा तयार असावा म्हणून. तो येईल, म्हणेल ताई, तूच चल, मी नाही नाही म्हणेन, तो हट्ट करेल, लहानपणी करायचा तसा, आणि मग मी हा काढेन कपाटातून. सगळं ठरवून ठेवलं होतं मी, नाही कितीदा म्हणायचं तेसुद्धा. आला तो. तुला नुकतंच निवडलं होतं त्यांनी. ड्रेस इथेच टांगलेला, या खिळ्याला. एवढा खूश झाला! म्हणाला, वा ताई, मी सांगायच्या आधीच तिच्यासाठी शिवलास पण?

मी म्हटलं, हो.

काय म्हणायला हवं होतं? तूच सांग. त्याच्या मनातसुद्धा आलं नव्हतं गं. वाईट नाही तो. मनात असतं आणि टाळलं असतं तर भांडले तरी असते. दुसऱ्या दिवशी तू आलीस माप द्यायला, काडीसारखी, आणि मी चार चार बोटं आत घेतली. नाही, तुझा काय दोष? तू काय करणार होतीस? थांब, नाक पूस आधी. तो रुमाल नको, तो चॉकचा आहे.

आणि आता वाटतं बरंच झालं. गेल्या वर्षी गळ्याला गाठ आली माझ्या. तुम्ही दौऱ्यावर होता तेव्हा. धाकटा सगळं टाकून आला, आठ दिवस दवाखान्यात बसून होता खुर्चीवर, त्याला नावं ठेवू नकोस. गाठ साधी निघाली, काढून टाकली. डॉक्टर म्हणाले बोलता येईल. येतंय की बोलता! तासभर बोलतेय तुझ्याशी. पण हा एवढाच उरलाय बघ, एका जागी उभा राहतो, वरही जात नाही आणि खालीही जात नाही. गायला तोंड उघडलं की नुसती हवा येते. पहिल्यांदा कळलं ना मला ते, घरी आल्यावर, पडदे शिवताना — फार रडले मी. रडण्याचाही आवाज नाही आला.

मग मला ती कॅसेट आठवली. म्हटलं, आहे की आपलं गाणं! सगळं आहे त्यात, अर्धा तास. इतकं बरं वाटलं मला, तुला काय सांगू, दोन दिवस अगदी मजेत होते, म्हटलं धाकटा आला की मागून घेते. मागितली. तर म्हणाला, ताई, त्याच कॅसेटवर आम्ही पुढच्या रविवारी दुसरं भरलं. त्यांची पद्धतच ती. हवे तेवढे ठोके डब्यात घेतले की झालं, बाकीचं कचरा, कॅसेट परत वापरायची. हजार वेळा तसंच करतात, तबकडीतल्या बाईचं पुढे काय झालं ते कोण विचारतं? ती तबकडी निदान दुकानात असते. माझी कुठे असणार होती. ओरडावं त्याच्यावर, असं वाटलं मला. पण ओरडायलाही आवाज लागतो. मी म्हटलं, बरं, चहा घेतोस का. दुसऱ्या दिवशी नवीन मशीन पाठवून दिलं त्याने, विजेवरचं. ते काय, कोपऱ्यात, खोक्यातच आहे. म्हणून म्हणाला असेल तो तुला, वारली म्हणून. बोलवतच नसेल त्याला दुसरं काही.

— नाही, आठवतं ना! आठवणार नाही? डोक्यात आहे सगळं, जसंच्या तसं. रोज म्हणते मी ते, मनात. फक्त बाहेर काढता येत नाही. शब्द सांगता येतात, शब्दांना काय लागतंय — 'अजून थोडं थांबशील का, ऊन अजून आहे. हातामधलं काम माझं थोडं बाकी आहे.' पण ते काय, वाचून दाखवल्यासारखं. चाल कशी सांगू? धाकट्याच्या जुन्या पेटीवर बोटं दाबूनही बघितलं, एकेक पट्टी, तासन् तास. 'ऊन'वर तो सूर घसरत वर जातो, तो दोन पट्ट्यांच्या मधे कुठेतरी आहे, पट्टीत सापडतच नाही मेला.

तू म्हणतेस? तुला गाता येतं? — तोंड हलवायला घेतलंय तुला, म्हणून विचारलं, राग मानू नकोस. शाळेत गायचीस. बरं. — नको, कशाला. — अगं उद्याचा कार्यक्रम तुझा, तुला काय करायचंय म्हातारीचं — खरंच म्हणशील? मी हाताने दाखवते. वर म्हणजे वर, खाली म्हणजे खाली. पायाने ठेका देते. कोणीतरी एकदा मोठ्याने म्हटलेलं ऐकायचंय गं मला, पूर्ण, दुसरं काही नको. पहिली ओळ तुला माहीतच आहे, तिथून पुढे. 'थांबशील का' खाली उतरतं, हळूच. मग 'ऊन' वर. हं. एक, दोन, तीन —

छान आहे आवाज. पण वर. अगं वर, इथे, माझ्या हाताकडे बघ. — तेवढं नाही, फार झालं. मधे. घसरत. — नाही, ती पायरी झाली, पायरी नकोय. परत. — जवळ आलीस. परत म्हण. — नाही, आता 'थांबशील'ही बिघडलं. रडू नकोस म्हणताना, सूर हलतो. — दाखवू? मी कशी दाखवू? बघ, हे असं — ह्ह — बघितलंस? हवा. माझ्या हाताकडेच बघ. परत. — परत. — हं, आता दुसरी ओळ, 'हातामधलं' सरळ जातं, मग 'बाकी'वर —

नाही, तसं नाही. तसं नाही ते. थांब. थांब जरा, मी मनात म्हणून बघते. 'अजून थोडं थांबशील का, ऊन' —

एक मिनिट. बोलू नकोस.

'ऊन अजून' — नाही. हे तुझं आहे. तू म्हटलंस ते येतंय. — अगं गप्प बस ना, गुणगुणू नकोस, मला तुझंच ऐकू येतंय! माझं कसं होतं? घसरत वर जायचं आणि मग — मग कुठे जायचं? रोज म्हणते मी, सकाळीसुद्धा म्हटलं, कपबशा विसळताना. 'थांबशील का' —

नाही, तू काही केलं नाहीस. माफी कसली मागतेस. मीच म्हण म्हटलं तुला.

परत म्हणू? नको! नको म्हटलं ना. एकदाही नको आता. उतर स्टुलावरून. ड्रेस काढून ठेव तिथे, शिवून पाठवते सकाळी. बाहेर हॉर्न वाजतोय तुझ्या गाडीचा. जा. — अगं येईल आपोआप, तू गेलीस की येईल. शांत झालं की येईल. जा तू, दार ओढून घे.